सरकारबागेतला नारळ

आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा रणनवऱ्यांच्या आईसाहेब सरकारबागेच्या फाटकाबाहेर भर उन्हात उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात नगरपालिकेची गुलाबी तिकिटं. आमचीही त्यांनीच काढून ठेवली होती. मागं जीपला टेकून त्यांचा मुलगा उदयसिंह हसत होता.

"आईचं हे असंच," तो मला म्हणाला. "पणजोबांनी लावलेली बाग, आणि आत जायचं तर तिकीट काढून. फाटकावरचा माणूस मला अजून सलाम ठोकतो, हिला पटतच नाही."

"आपली नाही ती आता," आईसाहेब मागं न बघता म्हणाल्या आणि तिकिटं पुढं करून आत शिरल्या.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

आता माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नावं ठेवायला नको. सांगलीच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान. गल्ल्यावर यजमान बसायचे, पण माल घेताना मी. घागर असो नाहीतर पळी, वाजवून बघितल्याशिवाय मी कधी आत घेतली नाही. माणसांचंही तसंच. यजमान म्हणायचे, तू देवळात गेलीस तरी आधी पुजाऱ्याकडं निरखून बघतेस. बघते. त्यात काय बिघडलं?

आणि इथं तर पोरीचा प्रश्न होता. हेमा माझ्या धाकट्या भावाची, दिनकरची, एकुलती एक. वहिनी गेली तेव्हा ही फ्रॉकच्या नाड्या तोंडात घालायच्या वयाची होती. दिनू सरकारी मोजणी खात्यात, आज या तालुक्याला, उद्या त्या. त्यामुळं पोर वाढली माझ्याकडं. बी.ए. झाली, बालवाडीत शिकवायला लागली, पण लग्न जमता जमेना. कुणी पत्रिकेवर अडलं, कुणी उंचीवर. एका ठिकाणी तर सगळं ठरून मोडलं, तेव्हा तीन दिवस पोरीनं नीट जेवण केलं नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. ज्या घरात जाईल ते घर आधी मी आतून बाहेरून बघणार.

आणि अशात हे स्थळ सांगून आलं. दिनूची या गावी बदली होऊन जेमतेम दिवाळी उलटली होती. रणनवरे म्हणजे गावचे जुने जहागीरदार. अजून लोक त्यांना सरकार म्हणतात. मुलगा एकुलता, शिकलेला, दिसायला राजबिंडा. त्यांच्याकडूनच निरोप. हुंडा नको, मानपान नको, पत्रिकासुद्धा नको, फक्त मुलगी द्या. दिनू नुसता हवेत. मी म्हटलं, अरे, आपण कोण, ते कोण. एवढ्या मोठ्या घराला मोजणीदाराचीच मुलगी का हवी? गावात पाटलांच्या, कारखानदारांच्या मुली काय कमी पडल्या? तर म्हणाला, आक्का, तुला चांगलं काही सोसतच नाही.

बरं, बघायचा कार्यक्रम घरी का नाही? तर म्हणे थोरले सरकार, म्हणजे मुलाचे वडील, आजारी आहेत, अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, घरात गडबड नको. म्हणून बागेत. मध्यस्थानं सांगितलं होतं की ही बाग त्या थोरल्या सरकारांनीच गावाला दान दिली. मी मनात म्हटलं, दान! रस्त्याला लागून असलेली एवढी मोक्याची जागा कुणी अशी देऊन टाकतं होय? कर्जात गेली असणार, आणि आता दान म्हणून मिरवतायत. घर दाखवत नाहीत म्हणजे घरही गेलेलं असणार. कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

बाग मात्र देखणी, खोटं कशाला बोलू. दुतर्फा नारळ, मधे फरसबंद वाट, पलीकडं जुना बंगला. बंगल्यात आता वाचनालय. पायऱ्यांवर म्हातारे पेपर वाचत बसलेले. जिथं घोडे बांधायचे तिथं पोरांच्या घसरगुंड्या आणि झोपाळे. परीक्षा संपल्या होत्या, त्यामुळं सगळीकडं पोरांचा कालवा. जागोजागी पाट्या, फुले तोडू नयेत.

उदयसिंह पुढं होऊन सगळं दाखवत होता. हा आमचा हौद, हा आमचा तालीमखाना, इथं आजोबांचा हत्ती बांधायचे. त्याच्या बोलण्यात सगळं आमचं आमचं. पण बोलणं गोड. मला सारखं आत्याबाई आत्याबाई करत होता, पायरी आली की हात पुढं करत होता. हेमाला त्यानं तिच्या शाळेबद्दल विचारलं, मुलं कोणतं गाणं शिकतात ते विचारलं. पोर लाजून लाल झाली. वाटेत त्यानं पांढऱ्या चाफ्याचं एक फूल तोडून तिच्या हातात दिलं. मागून आईसाहेबांचा आवाज आला, "उदय, नको." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मला तो आवडला, हे कबूल करायला हवं. माझं सगळं लक्ष होतं त्या बाईंवर. त्यांचंच काहीतरी विचित्र चाललं होतं.

आंब्याखाली सिमेंटची बाकं होती. आम्ही टेकलो. आईसाहेब उभ्याच. मी सरकून जागा केली, पदरानं बाक पुसलासुद्धा. नको म्हणाल्या, मी बरी आहे. बऱ्या कसल्या, गुडघे धरलेले दिसत होते. पाय बदलून बदलून उभ्या राहत होत्या, तेही सावली सोडून वाटेवर. दिनूनं जाऊन हौदाजवळच्या नळाचं पाणी आणलं. गार पाणी, आम्ही घटाघटा प्यालो. त्यांनी हात जोडले आणि पिशवीतून स्वतःचा फिरकीचा तांब्या काढला. जुन्या घडणीचं पितळ, असलं काम आता मिळत नाही. त्यातलं घोटभर पाणी वरून तोंडात सोडलं आणि फिरकी लावून टाकली.

मी म्हटलं, बरोबर. आमच्या हातचं पाणी चालत नाही. अजून जहागिरी डोक्यात आहे. उद्या माझी पोर यांच्या स्वयंपाकघरात गेली की हिच्या हातचं तरी चालणार का यांना?

आणि मग ते फुलांचं झालं. बंगल्याच्या बाजूला बकुळीचं मोठं झाड होतं, खाली नुसता सडा. हेमाला लहानपणापासून बकुळीचं वेड. ती गेली, ओंजळभर फुलं वेचून आणली. तोडली नाहीत, खाली पडलेली वेचली. आणि सरळ आईसाहेबांपुढं ओंजळ धरली. "तुमच्यासाठी," एवढंच म्हणाली.

बाईंनी हात मागं घेतले. चटका बसल्यासारखे. "नको गं बाळ," म्हणाल्या, "मला नको." आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

हेमाचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. तिनं फुलं हळूच बाकावर ठेवली. माझं डोकंच फिरलं. वाटलं, आत्ताच्या आत्ता पोरीला उठवावी आणि रिक्षा करावी. दिनूकडं बघितलं तर तो तिथं नव्हताच. उदयसिंह त्याला घेऊन लांब रस्त्याकडच्या भिंतीपाशी गेला होता. हात करून करून काहीतरी दाखवत होता, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दिनू मान हलवत होता. मला वाटलं जुन्या गोष्टी सांगत असेल, आणखी एखाद्या हत्तीची.

मी उठले आणि आईसाहेबांपाशी गेले. हेमाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "बाईसाहेब, स्पष्ट विचारते, राग मानू नका. आमची मुलगी तुमच्या मनात नाहीये का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. घामानं कुंकू ओघळलं होतं.

"मुलगी सोन्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "मला तर केव्हा घरी नेईन असं झालंय."

"मग तिची फुलं का नाही घेतलीत?"

त्या काहीतरी सांगणार होत्या. ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात उदयसिंह टाळ्या वाजवत आला. म्हणाला, काका तयार आहेत, मला मुलगी पसंत आहे, आता उगाच लांबण नको, आई, कुंकू लावून ओटी भरून टाक. आज दिवसही चांगला आहे.

दिनूचे डोळे भरून आले होते. हेमानं खाली मान घातली, पण हसू तिला लपवता येईना. मी एकटीच घुम्यासारखी उभी. आता ह्यात मोडता कसा घालायचा? कशाच्या जोरावर? फुलं घेतली नाहीत म्हणून? पाणी प्यायल्या नाहीत म्हणून? लोक मला वेड्यात काढतील. आणि पोर पुन्हा जेवणावरून उठेल. गप्प बसले, पण आतून सारखं वाटत होतं की काहीतरी चुकतंय आणि ते मला दिसत नाहीये.

आईसाहेबांनी बाकावर स्वतःची घडी घातलेली सतरंजी अंथरली. तीही घरची. त्यावर हेमाला बसवलं, स्वतः समोर उभ्या राहिल्या. पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी, खण, पुडीत बांधलेले गहू काढले. नारळ काही निघाला नाही. उदयसिंह म्हणाला होता म्हणे, नारळ मी आणतो. त्यानं हाक मारली तसा माळी धावत आला. हातात सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ.

आईसाहेबांनी हेमाला हळद लावली, कुंकू लावलं. तिची हनुवटी धरून क्षणभर बघत राहिल्या. मग खण हातात घेतला, नारळ उचलला, आणि थांबल्या. शेंडीकडं बघितलं, ताजी होती. वर झाडाकडं बघितलं.

"हा कुठला?"

"आपल्याच झाडाचा," उदयसिंह म्हणाला. "तुझ्या सासऱ्यांनी लावलेल्या. म्हटलं सुनेची पहिली ओटी बाहेरच्या नारळानं कशाला?"

आईसाहेबांनी नारळ खाली ठेवला. "हा ओटीत घालता येणार नाही."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. दुकानातून दुसरा आण."

तो जवळ आला. आवाज खाली आणला, पण मी अगदी शेजारी होते, सगळं ऐकू आलं. "आता पुरे तुझं ते उदक आणि फिदक. ती रस्त्याकडची बाजू महिन्याभरात परत आपली होणारच आहे. बागेची मोजणी काकांच्याच हातात आहे. सासरेबुवांनी एक रेघ इकडची तिकडं ओढली की झालं. मग काय काय म्हणून नाकारशील?"

तो बोलला आणि सगळं स्वच्छ झालं. हुंडा का नको, पत्रिका का नको, आणि मोजणीदाराचीच मुलगी का.

दिनूनंही ऐकलं होतं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "मी असं काही कबूल केलेलं नाही. तुम्ही भिंत दाखवलीत, मी नुसता हो हो म्हणत होतो. मोजणीत निघेल तेच लिहिणार मी."

"आत्ता म्हणताय काका," उदयसिंह हसला. तेच गोड हसू. "मुलगी नांदायला आली की बघू."

म्हणजे आमची पोर ओलीस! मी तोंड उघडणार होते, पण माझ्या आधी आईसाहेब बोलल्या. आवाज चढवला नाही.

"म्हणून का ही मुलगी?"

उदयसिंह खिशातून जीपची किल्ली काढून बोटावर फिरवत राहिला.

आईसाहेब दिनूकडं वळल्या. "ऐका तुम्ही. ही बाग सरकारांनी गावाला दिली ती देवघरासमोर बसून दिली. उदक सोडलं. त्यांच्या हातावर पाणी मी घातलं होतं. हक्काचं सगळं त्या पाण्याबरोबर गेलं. त्या दिवसापासून इथलं पान आमच्या घरात गेलेलं नाही. इथल्या सावलीला बसायचं नाही, इथलं पाणी प्यायचं नाही, खाली पडलेलं फूलसुद्धा उचलायचं नाही. तुमच्या मुलीनं एवढ्या मायेनं दिलं, मी घेतलं नाही. मला काय वाटलं असेल ते माझं मला माहीत."

मग मुलाला म्हणाल्या, "रोज तुझ्या डोळ्यांसमोर मी हे पाळत होते. तरी तुला कळलं नाही."

"आई, तुझ्या त्या पाण्यानं आपल्याला भिकेला लावलं," तो म्हणाला. आता हसू नव्हतं. किल्ली मुठीत धरून तो तरातरा फाटकाकडं निघून गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आम्हाला आतपर्यंत ऐकू आला. आईला न्यायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही, की मुद्दाम सोडून गेला, कोण जाणे.

हेमा कपाळभर हळदीकुंकू घेऊन तशीच सतरंजीवर बसून होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. लावलेलं कुंकू पुसायचं की ठेवायचं, हेही तिला कळत नसणार. त्या वेळी मला आईसाहेबांचाही राग आला, खरं सांगते. म्हटलं, बाई, तुमचं दान राहिलं, माझ्या पोरीचं काय? पुन्हा एकदा ठरलेलं मोडलं ना तिचं?

त्यांना ते कळलं असावं. त्या हेमासमोर आल्या आणि दुखरे गुडघे मोडून खाली फरशीवर बसल्या. त्या बागेत पहिल्यांदा बसल्या त्या अशा, हेमाच्या पायाशी. कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली, खणावर ठेवली.

"पदर पुढं कर बाळ," म्हणाल्या. "मुलीला कुंकू लावून रिकाम्या ओटीनं उठवत नाहीत. नारळ नाही तर नाही, सुपारी चालते. पण ही ओटी सुनेची नाही. मला मुलगी नाही, असती तर तिची भरली असती तशी भरतेय. सून म्हणून तुला मी माझ्या घरात येऊ देणार नाही. माझ्या मुलाला मी ओळखत नव्हते, आज ओळखलं."

ओंजळीनं गहू घालताना काही दाणे फरशीवर सांडले. हेमा मग रडली, त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून. मी आणि दिनू भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. दुसरं काय करणार?

थोड्या वेळानं आम्ही निघालो. मी आईसाहेबांना हाताला धरून उठवलं. फाटकातून बाहेर पडलो आणि रस्त्याकडेला जो पहिला दगड दिसला त्यावर त्या मटकन बसल्या. ऊन तिथंही तेवढंच होतं. त्यांनी तांब्याची फिरकी काढली, आधी मला पुढं केला. मी वरून पाणी प्याले. दिनू रिक्षा बघायला गेला.

"आता घरी गेल्यावर हो?" मी विचारलं. "उदयसिंह काय करतील, काय बोलतील..."

"बोलू दे," त्या म्हणाल्या. "त्याच्याच हातचं खायचंय आता म्हातारपणी, ते चुकत नाही. पण सरकारांना सांगायला हवं. त्यांना बोलता येत नाही, ऐकू येतं सगळं. म्हणून तर त्यानं तुम्हाला घरी आणलं नाही. बोलणी करताना तोंडातून काही निसटलं असतं, तर त्यांनी डोळ्यांनी नको म्हणून सांगितलं असतं."

मला त्यांना काहीतरी बरं बोलायचं होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोललेली बाई मी, आणि तिथं एवढंच म्हटलं की बाईसाहेब, आमच्यावर उपकार झाले. त्या म्हणाल्या, उपकार कसले, तुमच्या पोरीला उन्हात आणून रडवली.

आणि पोर कुठं होती? इकडं तिकडं बघितलं तर रस्त्यापलीकडं. एक फुलवाली टोपलीवर ओलं फडकं टाकून बसली होती, तिच्यापुढं हेमा उकिडवी. ओटीतले गहू एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं गजरे उचलून उचलून बघत होती. एक पसंत केला. रस्ता ओलांडून आली. डोळे सुजलेले, कपाळावरचं कुंकू तसंच.

आईसाहेबांच्या मागं जाऊन उभी राहिली. त्यांनी वळून गजरा बघितला आणि सवयीनं हात मागं घ्यायला लागल्या.

"ही बाहेरची फुलं आहेत," हेमा म्हणाली.

आईसाहेबांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि मान खाली घातली. मी माझ्या अंबाड्यातला आकडा काढून पोरीच्या हातात दिला.